सहाणेवरचे रंग

आपल्या महाविद्यालयात माझी ओळख 'माती कालवणारी' अशी झाली आहे. त्यात खोटे काही नाही, तेव्हा राग यावा असेही काही नाही. गेली दोन वर्षे मी रोज एक लहानसे चित्र काढते. पोस्टकार्डाएवढा कागद, दहा-पंधरा मिनिटांचा वेळ, आणि रंग मात्र घरी, स्वतःच्या हाताने केलेले. हे चित्र कधी वसतिगृहाच्या खिडकीत होते, कधी बार्शीच्या स्थानकावर परांड्याच्या गाडीची वाट पाहताना होते, तर कधी सोनारीला आमच्या ओट्यावर. पाहणारे काही जण कौतुक करतात, काही जण हसतात. एकदा एका सरांनी मात्र सरळ विचारले, "अगं, बाजारात रंग मिळतात ना? मग हा उपद्व्याप कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. गाडी सुटल्यावर उत्तर सुचावे, हा माझा जुना दोष. वार्षिक अंकाच्या निमित्ताने ते उत्तर आज देऊ पाहते.

प्रथम दोन गैरसमज दूर करते. मी पैसे वाचवण्यासाठी रंग करते, असे काहींना वाटते. तसे नाही. एक लाल वडी तयार व्हायला आठ-दहा दिवस जातात. तेवढ्या दिवसांची रोजंदारी धरली तर मुंबईचीच काय, विलायतेची पेटीही स्वस्त पडेल. दुसरा समज असा की, 'नैसर्गिक ते चांगले' या हल्लीच्या लाटेत मीही वाहून चालले आहे. तेही नाही. हळद नैसर्गिकच आहे. पण हळदीने रंगवलेले माझे सूर्यफुलाचे शेत खिडकीतल्या उन्हात महिनाभरात पांढरे पडले. पळसाच्या फुलांचा केशरी रंग तर त्याहून नाजूक. आणि शेंदूर, हिंगूळ, हरताळ हे जुने मानकरी रंग अनुक्रमे शिसे, पारा आणि सोमल यांची संयुगे आहेत. ब्रशचे टोक ओठांत धरून बारीक करण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी तर त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. तात्पर्य, नैसर्गिक म्हणून सगळे गोमटे नसते आणि कारखान्यातले म्हणून सगळे खोटे नसते.

माझे म्हणणे निराळेच आहे. ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

शाळेत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी मला बारा रंगांची पेटी मिळाली. तिचा आनंद अजून आठवतो. त्या पेटीने मी जी निसर्गचित्रे काढली ती तुम्ही पाहिली नसतील, तरी मी सांगू शकते. कारण तुम्हीही तीच काढली आहेत. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी निळी नदी, काठावर उतरत्या लाल छपराची झोपडी आणि शेजारी वाकलेला नारळ. आता आमची सोनारी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी सांगावे की, हे सारे तिथे कुठे आहे? आमच्याकडे उघडा माळ आहे, बाभळी आणि लिंब आहेत, ज्वारी आणि ऊस आहे, काळभैरवनाथाचे देऊळ आहे आणि देवळाच्या आश्रयाने सुखात नांदणारी शेकडो माकडे आहेत. त्यांतले एकही माकड माझ्या चित्रात आले नाही. परीक्षा मी पास झाले. पण ज्या गावात मी जन्मले ते गाव काही माझ्या कागदावर उतरले नाही. दोष पेटीचा नव्हता. पण पेटी उघडली की रंग आधी दिसत आणि गाव नंतर, हे मात्र खरे.

रंग करण्याचा नाद आजीमुळे लागला. दिवाळीच्या सुटीत ती तुळशीवृंदावनाला गेरू लावत होती. बोलता बोलता ती म्हणाली की, चुलीला लावायची माती वेगळी, भिंतीला पोतारा घ्यायची वेगळी आणि सारवणात घालायची वेगळी. कोणती माती कोठे मिळते, कोणती उकलते, कोणती धरून राहते, कोणती वाळल्यावर फिकी पडते, हे सारे तिला तोंडपाठ होते. मी थक्क झाले. चित्रकलेच्या तासाला मी रंगांची नावे पाठ केली होती. आजीला त्यांचे स्वभाव माहीत होते. आमच्या गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या रंगतज्ज्ञ होत्या आणि तसे त्यांना कोणी म्हटले नव्हते, एवढाच फरक.

मी तिच्याकडे सहाण मागितली. देवाची सहाण मिळणे शक्यच नव्हते. कोपरा उडालेली एक जुनी मिळाली. रीत साधी आहे, ज्यांना करून पाहायची असेल त्यांच्यासाठी येथे देते. माती पाण्यात ढवळावी. खडे आणि वाळू तळाशी बसू द्यावी, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे, ते निवळू द्यावे. तीन-चार वेळा असे केले की तळाशी लोण्यासारखा मऊ साका उरतो. तो वाळवून सहाणेवर पाण्याबरोबर घोटावा. बोटांना कण लागेनासा होईपर्यंत. बाभळीचा डिंक रात्रभर दुप्पट पाण्यात भिजवून फडक्याने गाळावा, त्यात मधाचे चार थेंब घालावेत म्हणजे वडी ठिसूळ होत नाही, आणि बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब. हे पाणी आणि रंग एकत्र घोटून औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांत ओतावे आणि सावलीत वाळवावे. डिंक कमी पडला तर रंग कागदावरून भुकटीसारखा उडतो. जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो. प्रमाण कोणी सांगून येत नाही. प्रत्येक मातीचे निराळे असते.

मला घोटताना पाहून आई म्हणाली, "ल्हानपणी माती खात हुतीस, आता कागदाला चारायलीस व्हय?"

पहिला धडा काळ्या मातीने दिला. आमच्या रानातली माती पावसानंतर इतकी काळीभोर दिसते की, माझा काळा रंग आयताच मिळाला, असे मला वाटले. वडी वाळली ती चारी बाजूंनी भेगाळून, अगदी चैत्रातल्या रानासारखी. भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते की, काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. वाचले होते, गुणही मिळवले होते, पण ते झाकणातल्या त्या वडीत पहिल्यांदा समजले. आणि कागदावर लावली तर ती काळी नव्हतीच! करडी होती, किंचित तपकिरीकडे झुकलेली. जन्मापासून जिच्यावर चालले तिचा रंग मला माहीत नव्हता. त्या दिवशी पुन्हा रानात गेले आणि नीट पाहिले. वाळलेले ढेकूळ खरोखरच करडे होते. 'काळी' हा शब्द ऐकून मी ते काळे पाहत आले होते. खरा काळा शेवटी दिव्याच्या काजळीतून मिळाला, आणि तीही तेलकट असल्याने पाण्यात मिसळायला बराच रुसवा धरून बसली.

हिरवा रंग विहिरीतून आला. गावाबाहेर एका नव्या विहिरीचे काम चालू होते आणि काठावर फोडलेल्या दगडांचा ढीग पडला होता. काळ्या दगडातल्या पोकळ्यांना आतून हिरवट साल चढलेली असते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दख्खनच्या बेसाल्टात सापडणारे सेलॅडोनाइट नावाचे हे खनिज. खरवडून चिमूटभर मिळते. रंग भडक नाही. लिंबाच्या जुन्या पानावर धूळ बसावी तसा. पुढे वाचनात आले की, अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रकारांचा हिरवा हा अशाच हिरव्या मातीचा आहे. त्यांचे लाल-पिवळेही मातीचेच, काळा काजळीचा. निळा तेवढा परका. तो लाजवर्द दगडाचा असून दूर अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला असावा, असे अभ्यासक मानतात. त्या निळ्याची गंमत अशी की, 1828 साली फ्रान्समध्ये त्याच रंगाची कृत्रिम भुकटी करण्याची रीत सिद्ध झाली आणि सोन्याच्या मोलाचा रंग पुढे धोतरे पांढरी करायच्या निळीच्या पुडीत येऊन बसला. माझा निळा म्हणजे आजोबांच्या फडताळातली हीच उरलेली नीळ. कारखान्याची म्हणून मी तिला बाहेर ठेवलेले नाही, हे मुद्दाम नमूद करते.

कोणी म्हणेल, हा जुन्याचा सोस झाला. पण तयार रंगपेटी ही तरी कुठे अनादी आहे? लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्‌सने रीव्हज बंधूंना जलरंगाच्या वड्यांबद्दल रुपेरी पॅलेट देऊन गौरवले ते 1781 साली. त्याआधी रंग घोटणे हे चित्रकाराच्या कामाचेच अंग होते. स्वतः घोटावे नाहीतर शिष्याकडून घोटून घ्यावे. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे द्यावे लागेल. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा थोर चित्रकार कोटितीर्थाच्या काठी राहिला आणि तिथलाच परिसर जलरंगांत पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. पानांपासून आणि दगडमातीपासून ते स्वतःचे रंग करीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. आबालाल गेले 1931 साली. त्याच 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा जो उद्योग सुरू केला, तो पुढे कॅम्लिन झाला आणि त्याच्या उंट छापाच्या रंगपेट्या महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत पोहोचल्या. हा निव्वळ योगायोग आहे. त्या पेटीने खेड्यातल्या मुलांच्या हाती रंग दिला, हे उपकार मोठे आहेत. माझ्याही हाती तिनेच दिला. फक्त पेटी हाती आली तशी आजीची सहाण हातातून सुटली. दोन्ही हात मोकळे असताना एकच का धरावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता आनंदाविषयी. घरच्या रंगांचा आनंद काही फार उदात्त असतो असे नाही. पहिल्या खेपेच्या सात वड्या मी माळवदावर वाळत घातल्या होत्या. मधाचा वास माणसाला येत नसेल. सोनारीच्या माकडांना येतो. तासाभराने वर गेले तर एक म्हातारी माकडीण गेरूचे झाकण दोन्ही हातांत धरून शांतपणे चाटत होती आणि तिचे पिल्लू काजळी चाखून तोंड वाकडे करीत होते. भैरवनाथाच्या गावात माकडाला दगड मारायची कोणाची प्राज्ञा नाही. मी पायरीवर बसले आणि पेन्सिलीने त्यांनाच काढले. माझ्या वहीत आलेली सोनारीची ती पहिली माकडे. तेव्हापासून वड्या डाल्याखाली झाकून वाळवते.

पण मुख्य आनंद रोजच्या वहीत आहे. विकतच्या पेटीने चित्र काढताना मला नेहमी 'चांगले' चित्र काढावेसे वाटे. कागद वाया जाईल, रंग वाया जाईल, कोणी पाहील, अशी धाकधूक असे. घरच्या रंगात ती उरली नाही. बिघडले तर बिघडले; माती पुष्कळ आहे आणि गावात लग्नपत्रिकांचे कोरे पाठकागदही पुष्कळ आहेत. शिवाय हे रंग मोजकेच आहेत. सहा वड्यांत सारे जग बसवायचे म्हणजे प्रत्येक गोष्टीकडे थांबून पाहावे लागते. समोरची भिंत गेरूच्या किती जवळची आहे? एस.टी.चा रंग माझ्याकडे नाहीच, मग तिच्यावरची धूळ तरी आहे का? धूळ आहे! मग धूळच काढली, आणि गाडी आपोआप दिसू लागली. चित्र कसे झाले हे दुय्यम. ती दहा मिनिटे मी कुठेही पळत नाही, मोबाइलही पिशवीत पडून असतो, हे मला मोलाचे वाटते. वसतिगृहात संध्याकाळी फार एकटे वाटले की मी डबा उघडते आणि पांढऱ्या वडीवर पाण्याचा थेंब टाकते. ओल्या मातीचा वास येतो. त्यानंतर काही काढले नाही तरी चालते.

त्या पांढऱ्या वडीविषयी सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या माळवदांवर पांढऱ्या मातीचा थर असे, हे नव्या मुलांना सांगावे लागते. ती माती उन्हात घर गार ठेवी आणि पावसात पाणी आत येऊ देत नसे. गढीजवळची ही माती मी घोटत होते तेव्हा आजी आली, पाहिले आणि काही न बोलता आत गेली. दोन दिवस ती माझ्या रंगांविषयी एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने सांगितले. तिची धाकटी बहीण सास्तूरला दिली होती, आजच्या लोहारा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे गेली. त्यांतली बरीच दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर येऊन, झोपेतच गेली. आजीची बहीणही त्यात होती. मी त्या वेळी जन्मलेही नव्हते. मला वाटले, वडी फेकून द्यावी. आजीच म्हणाली, "टाकू नगंस. मातीचा काय गुन्हा?"

मग तिने मला ते घर काढायला लावले. बहिणीचा एकही फोटो नाही, घराचाही नाही. ती सांगत गेली आणि मी काढत गेले: दार कोणीकडे, जिना कुठे, उखळ कुठे, शेवग्याचे झाड किती उंच. पहिले चित्र मी घाईत पेटीतल्या पांढऱ्या रंगाने केले होते. ते पाहून ती म्हणाली, "इतकी पांढरी नव्हती गं भिंत. जरा मळकी. ताकावानी." दुसरे चित्र त्या मातीने केले. आजीने ते बराच वेळ धरून ठेवले. "हां," म्हणाली, "ही." ते चित्र आता माझ्या वहीत नाही. आजीच्या ट्रंकेत आहे.

सर, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. बाजारात पांढरा रंग मिळतो. तो उत्तम असतो, टिकतो, आणि परीक्षेला मी तोच वापरीन. पण त्या भिंतीचा पांढरा बाजारात मिळत नाही. मातीच्या घरांकडे परत चला, असे मी म्हणत नाही. काँक्रीटच्या चांगल्या घरात माझी आजी निर्धास्त झोपते आणि तसेच असावे. माती छपरावर नको असेल, पण कागदावर तरी राहू द्या. नाहीतर आपल्या गावांचे रंग सांगणारी माणसे एकेक करून जातील आणि आपल्याजवळ फक्त निळी नदी आणि वाकलेला नारळ उरेल.

माझ्या आनंदात एक उणीव मात्र आहे. आजीच्या बहिणीचे घर मी सोनारीच्या मातीने रंगवले. सास्तूरची माती माझ्याजवळ नव्हती. यातूनच एक सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयात जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून विद्यार्थी येतात: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, वाशी आणि आमचा परांडा. दिवाळीच्या सुटीहून परत येताना प्रत्येकाने आपल्या गावची मूठभर माती आणावी. पुडीवर गावाचे नाव, जागा आणि तारीख लिहावी. आणि ती माती घरात पूर्वी कशासाठी वापरत, हे एखाद्या म्हातारीला विचारून एक ओळ लिहावी. घोटण्याचे काम माझ्याकडे. वड्यांसाठी ग्रंथालयातल्या एका कपाटाचा एक खण मिळावा, अशी प्राध्यापकांना विनंती आहे. ज्याला वाटेल त्याने त्या रंगांनी आपल्या वहीत दहा मिनिटे काढावे. याला गुण नकोत, बक्षीसही नको. गुण लावले की पुन्हा दोन डोंगरांमधून सूर्य उगवू लागेल.

हसणाऱ्या मित्रांनाही हेच आमंत्रण आहे. सास्तूरकडचे कोणी असेल तर त्याने माझ्यासाठी पांढऱ्या मातीची एक पुडी जादा आणावी. आजीला पुन्हा एकदा विचारून घ्यायचे आहे.